तबकडीत न मावलेले वादक



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची कल्पना होती. युनियनचे काम करणारा माणूस दुसरे काय बोलणार, असा सर्वसाधारण समज असतो आणि तो फारसा चुकीचाही नाही. आम्ही कळविलेला विषय मात्र रॉक संगीताचा निघाला. त्यातही १९७० ते १९८० या दशकात रंगमंचावर गाजलेल्या, पण तबकडीच्या बाजारात मागे पडलेल्या वाद्यवृंदांचा. विषय नक्की हाच ना, अशी चालकांनी पुन्हा विचारणा केली. हाच, असे आम्ही कळविले. हाही कामगारांचाच विषय आहे, हे ऐकता ऐकता आपल्या ध्यानात येईल.

ज्यांना या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. विजेवर चालणारी एकदोन गिटारे, खर्जातली एक गिटार, ड्रम आणि एक गाणारा. क्वचित एखादा पियानो किंवा ऑर्गन. एवढ्यावर वाद्यवृंद उभा राहतो. याचे मूळ अमेरिकेतील काळ्या लोकांच्या ब्लूज नावाच्या गाण्यात आहे. चारपाच माणसे, एक गाडी आणि गाडीत मावेल तेवढे सामान घेऊन गावोगाव हिंडायचे. ज्यांनी आपल्याकडचा तमाशाचा फड जवळून पाहिला आहे, त्यांना या संसाराचे वर्णन करून सांगायला नको.

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर ब्लॅक सॅबथ या वृंदाचा निरोपाचा कार्यक्रम झाला. मूळचे चारही वादक वीस वर्षांनी एकत्र आले होते. चाळीस हजारांवर लोक जमले. कंपवाताने जर्जर झालेला गायक ऑझी ऑसबोर्न सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला, आणि पुढे सतराच दिवसांनी, २२ जुलैला, तो वारला. त्या आठवड्यात जगभर जी हळहळ व्यक्त झाली ती आम्ही बारकाईने ऐकली. तिची टवाळी करण्याचा आमचा विचार नाही. माणसाला आपल्या तरुणपणाविषयी ओढ वाटणे हे स्वाभाविक आहे. पण त्या हळहळीत एक वाक्य पुनःपुन्हा येत होते, आणि ते आम्हांला खटकले. ‘तशी माणसे आता निपजत नाहीत’ हे ते वाक्य. माणसे निपजण्याचे थांबत नसते. ती ज्या मातीत वाढतात ती माती कोणी हलविली काय, हा खरा प्रश्न आहे, आणि स्मरणरंजनात नेमका तोच विचारायचा राहून जातो.

याच ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी घ्या. हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय वर्षे सतरा. नोकरी सोडण्याचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जॅंगो राइनहार्ट या वादकाची तबकडी आणून दिली. राइनहार्टचा हात भाजला होता, आणि तो दोनच बोटांनी सगळी सुरावट काढीत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटविले आणि तारा हलक्या घातल्या. पुढे तर त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्यातून जो जड, घोगरा नाद निघाला त्यावर एक नवी संगीतशाखाच उभी राहिली. औद्योगिक अपघाताच्या नुकसानभरपाईचे पुष्कळ दावे आम्ही लढविले आहेत. पण अपघातातून संगीताचा प्रकार जन्माला आल्याचे हे एकच उदाहरण आमच्या माहितीत आहे. यावरून अपघात व्हावेत असे कोणी अनुमान काढू नये! सांगायचे ते एवढेच की, हे संगीत कारखान्यांच्या गावांतून आले. बर्मिंगहॅम, वॉल्सॉल, शेफील्ड, ग्लासगो, कार्डिफ, अमेरिकेत डेट्रॉइट. शनिवारी रात्री ते ऐकायला येणाऱ्यांच्या खिशात आठवड्याची मजुरी असे.

आता ही माती कशाची बनली होती ते पाहू.

इंग्लंडात त्या काळी विद्यापीठे वाढत होती आणि प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांची युनियन होती. (तिचा आणि आमच्या युनियनचा संबंध नावापुरताच.) या युनियनच्या निधीतून दर आठवड्याला विद्यार्थीच वाद्यवृंद बोलवीत. लीड्स विद्यापीठाच्या जेवणाच्या दालनात १४ फेब्रुवारी १९७० रोजी ‘द हू’ या वृंदाचा कार्यक्रम झाला. त्याची तबकडी आजही प्रत्यक्ष वादनाच्या तबकड्यांत अग्रगण्य मानली जाते. लक्षात घ्या, नाट्यगृह नव्हे, जेवणाचे दालन. भिंतीवर आज त्याचा निळा फलक आहे. द हू मोठे होते. पण त्याच दालनात त्याच दशकात लहान वृंदही वाजवून गेले आणि त्यांनाही बिदागी मिळाली. ही झाली एक गोष्ट.

दुसरी गोष्ट नभोवाणीची. ती फारशी कोणी सांगत नाही म्हणून आम्ही जरा विस्ताराने सांगतो. बीबीसीवर तबकड्या किती वेळ वाजवाव्यात यावर बंधन होते. एका बाजूला तबकडी कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला वादकांची संघटना, म्युझिशियन्स युनियन, यांच्याशी झालेल्या करारांनी ते घातले होते. त्याला सुईचा वेळ म्हणत. म्हणजे तबकडीवर सुई टेकलेली असण्याचा वेळ. संघटनेचे म्हणणे सरळ होते: वाजविलेली प्रत्येक तबकडी एका जिवंत वादकाचे काम खाते. वेळ संपला की बीबीसीने वादक बोलावून वाजवून घ्यावे. तरुण श्रोते या नियमाला शिव्या देत, कारण त्यांना हव्या त्या तबकड्या लागत नसत. पण परिणाम काय झाला पाहा. जॉन पील नावाच्या निवेदकाच्या कार्यक्रमासाठी वृंदामागून वृंद स्टुडिओत येत, एका दिवसात चारेक गाणी वाजवीत आणि रात्री सारा देश ती ऐके. ज्यांची एकही तबकडी निघाली नव्हती अशांनाही हे दार उघडे होते. पीलचे हे सत्र १९६७ पासून २००४ साली त्याच्या मृत्यूपर्यंत चालले. सुईच्या वेळेचे बंधन मात्र १९८८ सालीच उठले होते. ज्या नियमाला लोक अडाणी हटवाद म्हणत होते त्याच नियमाने एका पिढीला रोजगार आणि श्रोते दिले. संघटना नेहमीच शहाणपणाने वागली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९८२ साली तिच्या लंडनच्या एका शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव केला होता, आणि त्याबद्दल तिचे जे हसे झाले ते योग्यच झाले. यंत्राशी भांडून उपयोग नसतो. यंत्र आले की काम कोणाच्या वाट्याला किती आणि कोणत्या दराने, हे भांडण करायचे असते.

तिसरी गोष्ट म्हणजे सभागृहे. ग्लासगोचे अपोलो थिएटर १९७३ साली या नावाने उघडले आणि १९८५ साली बंद झाले. पुढे पाडले गेले. त्याची माडी प्रेक्षकांच्या उड्यांनी वरखाली होत असे. स्टेटस क्वो या वृंदाने १९७६ च्या ऑक्टोबरात तिथे ध्वनिमुद्रण केले. या मंडळींची टीकाकार कायम थट्टा करीत: तीन स्वरमेळांच्या पलीकडे यांना काही येत नाही. २००७ साली त्यांनी आपल्याच एका तबकडीला ‘चौथ्या स्वरमेळाच्या शोधात’ अशा अर्थाचे नाव दिले! तीन स्वरमेळांत माडी हालवून दाखवा, असे आम्ही टीकाकारांना विनयाने सुचवू.

आता आम्हांला ज्यांच्याविषयी मुख्यत्वे बोलायचे आहे त्यांतले पहिले म्हणजे डॉक्टर फीलगुड. नाव डॉक्टरचे, पण वैद्यकाशी संबंध नाही. थेम्स नदीच्या मुखाशी कॅनव्ही नावाचे एक सखल बेट आहे. तेलाच्या टाक्या, धक्के, चिखल आणि समुद्राला अडविणारी भिंत. १९५३ च्या पुरात या बेटावर साठच्या आसपास माणसे बुडून मेली. इथल्या चौघांनी १९७१ साली हा वृंद उभा केला. गायक ली ब्रिलो हा वकिलाच्या कचेरीत कारकून होता. गिटारवादक विल्को जॉन्सन इंग्रजीचा पदवीधर; तो खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानापर्यंत भटकून गेला होता आणि परतल्यावर शाळेत मास्तरकी करीत होता. त्या वेळची फॅशन अशी की, मोठ्या वृंदांनी वीसवीस मिनिटांचे एकेक गाणे वाजवावे, धुराचे लोट सोडावेत, मोटारींचा तांडा घेऊन फिरावे. हे चौघे स्वस्तातले सूट घालून पबमध्ये उभे राहत आणि तीन मिनिटांत गाणे संपवीत. जॉन्सन डोळे वटारून, गिटार बंदुकीसारखी रोखून, रंगमंचावर पुढेमागे सरकत असे. जणू काही चाकांवरून कोणी ओढतो आहे. पट्टी न वापरता उघड्या बोटांनी वाजवी, त्यामुळे साथ आणि मुख्य सूर एकाच हातातून निघत. ब्रिलोचा सूट घामाने आणि बिअरने इतका मळलेला असे की, तो पाहूनच समोरच्या रांगेला अवसान येई.

यांच्या स्टुडिओतल्या तबकड्या बऱ्या होत्या. पण १९७५ साली शेफील्डला आणि साउथएंडला प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेली ‘स्टुपिडिटी’ ही तबकडी १९७६ साली बाहेर आली आणि इंग्लंडात थेट पहिल्या क्रमांकावर गेली. तेल-टाक्यांच्या बेटावरचे चौघे, आणि पहिला क्रमांक! पुढच्याच वर्षी भांडण होऊन जॉन्सन बाहेर पडला. अमेरिकेत त्यांचे नाव कोणाला फारसे ठाऊक झाले नाही. ब्रिलो १९९४ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. जॉन्सनला २०१३ साली स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला गेला. आता थोडेच महिने, असे ऐकून त्याने उपचार न घेता दौरा काढला. द हूच्या रॉजर डाल्ट्रीबरोबर तबकडी केली आणि मग २०१४ साली केंब्रिजमध्ये शस्त्रक्रिया होऊन तीन किलो वजनाची गाठ निघाली. त्यानंतर तो आठ वर्षे जगला आणि वाजवीत राहिला. २०२२ च्या नोव्हेंबरात वारला. मरणाची तारीख हातात घेऊन कामावर हजर राहणारे लोक आम्ही गिरण्यांतही पाहिले आहेत. त्यांचे कौतुक करताना आम्हांला नेहमीच जरा संकोच होतो, कारण कित्येकांना दुसरा मार्ग नसतो. जॉन्सनला होता आणि तरी तो वाजवायला गेला, एवढा फरक.

इथे एक आडवी शंका घ्यायला हवी. प्रत्यक्ष वादनाची तबकडी खरोखर प्रत्यक्ष असते काय? थिन लिझी या आयरिश वृंदाची १९७८ ची ‘लाइव्ह अँड डेंजरस’ ही तबकडी फार नावाजलेली. तिचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी पुढे सांगू लागला की, त्यातला पाऊण भाग स्टुडिओत पुन्हा वाजविलेला आहे. वृंदाच्या बाजूने उत्तर आले की, पाऊण भाग अस्सल आहे, डागडुजी तेवढी पावाची. म्हणजे आकडा एकच, बाजू उलटी! व्यवस्थापन आणि संघटना यांच्या वाटाघाटींत आम्ही असे आकडे पुष्कळ ऐकले आहेत. आमच्या मते या वादात फारसा दम नाही. फिल लिनॉट आणि त्याचे साथी रंगमंचावर काय होते याला त्या रात्री हजर असलेली माणसे साक्षी आहेत. तबकडी हा पुरावा दुय्यम. पण मग जो हजर नव्हता त्याने काय करायचे? त्याच्याजवळ दुय्यमच पुरावा आहे. म्हणूनच ज्यांचे बळ रंगमंचावर होते आणि ज्यांची एकही चांगली तबकडी निघाली नाही, ते काळाच्या हिशेबात शून्य झाले.

आणि आता रोरी गॅलाघर. हा आमचा विशेष जिव्हाळ्याचा माणूस. तेव्हा पारडे थोडे झुकले तर आपण समजून घ्याल.

गॅलाघरचा जन्म १९४८ चा, वाढला आयर्लंडातल्या कॉर्क शहरी. १९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्याने गावातल्या दुकानातून एक जुनी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार घेतली. किंमत शंभर पौंड, हप्त्यांनी. हप्ते फेडायचे म्हणून तो फोंटाना नावाच्या शोबँडमध्ये दाखल झाला. शोबँड म्हणजे नाचघरांत वाजविणारे मोठे ताफे. गणवेश घालून, तासन् तास उभे राहून, लोकांना हवी ती चालू गाणी वाजवायची. लेंटच्या उपासाच्या दिवसांत आयर्लंडातली नाचघरे बंद, म्हणून अनेक ताफे त्या हंगामात समुद्र ओलांडून इंग्लंडात जात. म्हणजे ही हंगामी स्थलांतरित मजुरीच होती. गॅलाघर या शाळेत घडला. पुढे त्याने ‘टेस्ट’ नावाचा स्वतःचा वृंद काढला, तो १९७० च्या अखेरीस फुटला, आणि मग तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला.

चौकटीचा शर्ट, डेनिमची पाटलोण आणि तीच गिटार. त्याच्या घामाने त्या गिटारीचा रंग उडून आतले लाकूड उघडे पडले होते. गाण्यांच्या सुट्या तबकड्या काढायला तो तयार नसे. इंग्लंडात त्या वेळी सुटी तबकडी यादीत चढली की दूरचित्रवाणीवर बोलावणे यायचे. ते त्याने सोडून दिले. म्हणजे विक्रीचा हमरस्ता त्याने स्वतः बंद केला आणि गावोगाव वाजविणे हाच धंदा मानला.

उत्तर आयर्लंडात तेव्हा यादवी पेटली होती. बेलफास्टमध्ये बॉम्बस्फोट हा रोजचा प्रकार होऊन बसला, आणि बाहेरचे वृंद तिकडे फिरकेनासे झाले. गॅलाघर मात्र वर्षामागून वर्ष बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवायला जात राहिला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले, जी एरवी एकमेकांच्या गल्लीत पाय टाकीत नसत, ती त्या एका दालनात शेजारी शेजारी उभी राहत. १९७४ च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क येथे मुद्रित झालेली ‘आयरिश टूर’ ही तबकडी ज्यांना मिळेल त्यांनी ऐकावी. टोनी पामरने त्याच दौऱ्याचा चित्रपटही केला आहे. बासवर जेरी मॅकॲव्हॉय, हा बेलफास्टचाच. पियानोवर लू मार्टिन आणि ड्रमवर रॉड डेॲथ. धावती गाडी चौघे मिळून रुळावर ठेवताहेत असे ते ऐकताना वाटते. कोणी फाजील पुढे जात नाही.

या जाण्याची किंमत काय असू शकत होती हे पुढच्याच वर्षी दिसले. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे मायामी शोबँड हा लोकप्रिय ताफा बॅनब्रिजला वाजवून डब्लिनकडे परत निघाला होता. या ताफ्यात दोन्ही पंथांचे वादक होते. वाटेत लष्कराचा नाका लागला. नाका खोटा होता. लष्करी गणवेशातली माणसे एका सशस्त्र निष्ठावादी संघटनेची होती, आणि त्यांतले काही खरोखरच लष्कराच्या स्थानिक पलटणीतले होते. वादकांना रस्त्याकडेला उभे करून गाडीत बॉम्ब ठेवीत असताना तो मध्येच फुटला, ठेवणारे दोघे मेले, आणि बाकीच्यांनी वादकांवर गोळ्या झाडल्या. तीन वादक ठार झाले. रात्रपाळी संपवून घरी निघालेली माणसे होती ती. या दशकाविषयीच्या आठवणींच्या चकचकीत पुस्तकांत लांब केस आणि रुंद पाटलोणी पानोपानी भेटतात. बॅनब्रिजचा रस्ता क्वचितच भेटतो.

गॅलाघरविषयी आणखी एकच गोष्ट. १९७५ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्स या जगद्विख्यात वृंदातली गिटारवादकाची जागा रिकामी होती. त्यांनी त्याला रॉटरडॅमला बोलावून घेतले, तो त्यांच्याबरोबर वाजवून पाहून आला, आणि मग ठरलेल्या जपानच्या दौऱ्यावर निघून गेला. तिकिटे विकली गेली होती, शब्द दिलेला होता. जागा दुसऱ्याला गेली. याला कोणी भाबडेपणा म्हणो. ठरलेल्या पाळीला हजर राहणाऱ्या माणसाची किंमत आम्हांला ठाऊक आहे. तो १९९५ च्या जूनमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लंडनला वारला.

अमेरिकेचे चित्र निराळे. देश अवाढव्य, त्यामुळे एखादा वृंद एका शहरात राजा आणि शेजारच्या राज्यात अनोळखी, असे सर्रास चाले. बॉब सीगर हा डेट्रॉइटचा, मोटार कारखान्यांच्या शहराचा गायक. १९७५ साली तिथल्या कोबो हॉलमध्ये मुद्रित केलेली ‘लाइव्ह बुलेट’ १९७६ मध्ये निघाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये डेट्रॉइटजवळच्या पॉन्टियाकच्या क्रीडागारात तो पाऊण लाखाच्या वर लोकांपुढे गायला आणि दुसऱ्या रात्री शिकागोत हजाराहून कमी लोकांपुढे. एका रात्रीत पाऊण लाखाचे हजार! त्याने गाणे तेच गायले असणार. जे. गाइल्स बँड हा मॅसॅच्युसेट्सचा वृंद. त्यांनीही आपली पहिली प्रत्यक्ष तबकडी १९७२ साली घरी न करता डेट्रॉइटच्या सिंडरेला बॉलरूममध्ये केली, कारण तिथला श्रोता त्यांना अधिक ओळखत होता. हार्मोनिका वाजविणारा मॅजिक डिक आणि गायक पीटर वुल्फ यांचे ते काम ऐकले की, पुढे १९८० नंतर ज्या गुळगुळीत गाण्यांनी ते श्रीमंत झाले त्यांची कीव येते. हे आमचे मत. पैसा त्यांना मिळाला याचा आनंदच आहे.

सामान वाहणाऱ्यांविषयी कोणी बोलत नाही म्हणून थोडे. लाऊडस्पीकर उतरवायचे, तारा जोडायच्या, मध्यरात्री पुन्हा चढवायचे आणि गाडी हाकीत दुसऱ्या गावी पोचायचे. हे काम करणाऱ्यांना रोडी म्हणत. जॅक्सन ब्राउनने १९७७ साली एक तबकडी काढली, ती रंगमंचावर, हॉटेलच्या खोल्यांत आणि चालत्या बसमध्ये मुद्रित केलेली आहे. तिच्यात या हमालांवर एक सबंध गाणे आहे. सगळ्या दशकात आम्हांला मनापासून मानावेसे वाटले ते हे एक गाणे.

आपल्याकडे हे संगीत उलट्या वाटेने आले. आधी तबकडी, मग कॅसेट, आणि प्रत्यक्ष वादक जवळजवळ कधीच नाही. लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट १९७२ साली मुंबईला आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केले, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात ते एका संध्याकाळी वाजवूनही गेले. २६ मार्च १९८० रोजी धोबी तलावच्या रंगभवनात ‘द पोलीस’ या वृंदाचा कार्यक्रम झाला. अशा गोष्टी बोटांवर मोजण्यासारख्या. तेव्हा आपल्याकडचा जो माणूस या दशकासाठी उसासे टाकतो त्याचे उसासे दुय्यम पुराव्यावर आधारलेले असतात. ज्यांची तबकडी मुंबईच्या दुकानात पोचली ते थोर, उरलेले नाहीत, असाच आपला हिशेब झाला. तो आपण तपासून पाहावा एवढ्याचसाठी आम्ही इथे उभे आहो.

आता या हळहळीचा बाजार. गॅलाघरची ती हप्त्यांवर घेतलेली शंभर पौंडांची गिटार २०२४ च्या ऑक्टोबरात लंडनला लिलावात निघाली आणि खर्चवेच धरून जवळजवळ नऊ लाख पौंडांना गेली. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली, हे चांगले झाले. पण याच गिटारीच्या मागे उभे राहून ज्यांनी ड्रम आणि बास वाजविले त्यांच्या वाट्याला काय, असा प्रश्न आमच्यासारख्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पन्नास वर्षांचा होता, तो २०१३ साली सत्तर वर्षांचा झाला. आणि त्या वाढीव वर्षांच्या उत्पन्नातला वीस टक्के भाग, ज्यांनी एकरकमी मोबदला घेऊन वाजविले होते अशा वादकांसाठी बाजूला काढावा असा नियम झाला. ही वादकांच्या संघटनांची कमाई आहे. पण लाभ तबकडीवर वाजविलेल्यांनाच. दहा वर्षे रात्रीमागून रात्र सभागृहे हालविणाऱ्याच्या नावावर मुद्रण नसेल तर त्याच्या नावावर काहीच नाही.

आणि सभागृहांचे काय? लहान सभागृहांची बाजू घेणारी एक संस्था इंग्लंडात आहे, म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट. तिच्या मोजणीप्रमाणे एकट्या २०२३ साली ब्रिटनमध्ये अशी १२५ सभागृहे बंद पडली. भाडे वाढले, वीज महागली, शेजारी नव्या इमारती उठल्या आणि त्यांतल्या रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्या. ज्या पबमध्ये फीलगुड उभे राहिले त्या जातीची ही ठिकाणे. याच काळात मोठ्या मैदानांवरच्या जुन्या वृंदांच्या पुनर्मिलनाची तिकिटे हातोहात खपतात. लोकांनी तिथे जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. संधी मिळाली असती तर आम्हीही गेलो असतो.

२०२४ च्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने सुचविले की, मोठ्या मैदानांच्या आणि क्रीडागारांच्या प्रत्येक तिकिटावर थोडी पट्टी बसवावी आणि तो पैसा लहान सभागृहांना व नव्या वादकांना द्यावा. चर्चा तिकिटामागे एक पौंडाची होती. बर्मिंगहॅमच्या त्या एका संध्याकाळचा हिशेब केला तरी चाळीस हजार पौंड होतात. सरकारने सूचना तत्त्वतः मान्य केली, पण पट्टी सक्तीची न करता मोठ्या कार्यक्रम कंपन्यांच्या खुशीवर सोपविली. काही कलावंतांनी स्वतःहून पैसे दिले. कोल्डप्ले या वृंदाने २०२५ च्या आपल्या ब्रिटनमधील कार्यक्रमांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्या ट्रस्टकडे वळविला. कंपन्यांच्या खुशीतून किती जमते, आणि त्यातून किती सभागृहांचे भाडे निघते, ते येत्या दोनतीन हंगामांत कळेल. आम्ही आकड्यांवर लक्ष ठेवून आहो.